सदसत् संख्येचे वर्गमूळ कसे काढावे?



वसंत व्याख्यानमालेत राजकारण, संतवाङ्मय, प्रवास, नाट्य हे विषय नेहमी येतात. गणित क्वचित येते, आणि कामगार चळवळीतला माणूस गणितावर बोलायला उभा राहणे त्याहूनही क्वचित. तेव्हा हा विषय का घेतला ते प्रथम सांगतो.

युनियनच्या अभ्यासवर्गाला वायरमन, फिटर, पंपचालक अशी मंडळी येतात. विजेचे पुस्तक ती आवडीने उघडतात. परंतु काही पाने उलटली की ऋण एकाचे वर्गमूळ समोर येते आणि पुस्तक मिटते. ‘‘ही काल्पनिक संख्या आहे, ती इंजिनिअर लोकांची. आपले काम खांबावरचे,’’ असे उद्गार मी कितीतरी वेळा ऐकले आहेत. हा समज नुकसानकारक आहे, आणि तो खोटाही आहे. ज्याला बेरीज, वजाबाकी, निम्मे करणे आणि साध्या धन संख्येचे वर्गमूळ काढणे एवढे येते, त्याला या तथाकथित काल्पनिक संख्यांचीही वर्गमुळे काढता येतात. हे आज आपण येथेच करून पाहणार आहोत. त्यानंतर ते मूळ समुद्रातल्या तारेत आणि आपल्या अंगणातल्या मातीत कुठे लपलेले असते, तेही पाहू.

मराठीत हा विषय सांगणे म्हणजे काही धाडस नव्हे. शेजारच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर हे आपल्याला ‘दर्पण’कार म्हणून ठाऊक आहेत, पण मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये ते गणितही शिकवीत असत. गणित आपल्या भाषेला परके नाही.

आता मूळ अडचण पाहू. ३ चा वर्ग ९ आणि ऋण ३ चा वर्गही ९. मग ऋण ९ हा वर्ग कोणाचा? सन ८५० च्या सुमारास महावीराचार्यांनी आणि पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिले : ऋण संख्येस वर्गमूळ नाही, कारण ती कोणाचा वर्गच नव्हे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे भाग असलेला त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० चा. त्यांच्या कुळाची माहिती देणारा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे उत्तर चूक नव्हते. सर्व संख्या एकाच रेषेवर, शून्याच्या उजवीकडे धन आणि डावीकडे ऋण अशा मांडल्या, तर त्या रेषेवर ऋण ९ चे मूळ खरोखरच कुठे सापडत नाही. ते रेषेच्या बाहेर आहे.

बाहेर म्हणजे कुठे? शाळेतली कवायत आठवा. ‘पीछे मुड’ म्हटले की तोंड उलट दिशेला होते. संख्येला ऋण एकाने गुणणे म्हणजे हेच : उजवीकडे पाहणारी संख्या डावीकडे पाहू लागते. आता मला सांगा, अशी कोणती हुकूमवजा क्रिया आहे की जी दोनदा केली असता ‘पीछे मुड’ होते? उत्तर प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे : ‘बाये मुड’. एकदा केले की काटकोनात वळतो, दोनदा केले की पाठमोरा होतो. म्हणजे ऋण एकाचे वर्गमूळ म्हणजे काटकोनातले एक वळण. तिथे कल्पनेचा खेळ काहीच नाही. या वळणाला आपण ‘इ’ हे अक्षर देऊ. ‘इ’चा वर्ग ऋण १. आणि ‘दाहिने मुड’ दोनदा केले तरी माणूस पाठमोराच होतो, म्हणून ऋण ‘इ’ हेही ऋण एकाचे मूळच. मुळे दोन असतात हे येथेच ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

उजवीकडे ३ पावले जाऊन मग वर ४ पावले गेलो, तर ती जागा ३ + ४इ या संख्येने दाखवितात. पहिला भाग सत्, दुसरा असत्, म्हणून जुन्या मराठी लेखनात हिला सदसत् संख्या म्हणतात. आजच्या पाठ्यपुस्तकात तिलाच संमिश्र संख्या म्हणतात. ‘असत्’ म्हणजे खोटे असे मात्र समजू नये. गावाच्या नकाशावर उत्तरेकडचे अंतर पूर्वेकडच्या अंतरापेक्षा कमी खरे नसते, तद्वत् हे आहे.

आता वर्ग करून पाहू. २ + इ चा वर्ग करायचा. २ चा वर्ग ४. दोन्ही पदांच्या गुणाकाराची दुप्पट ४इ. ‘इ’चा वर्ग ऋण १. बेरीज ३ + ४इ. येणेप्रमाणे ३ + ४इ चे वर्गमूळ २ + इ आहे. पण हे उत्तर आधी ठाऊक होते म्हणून सापडले. ठाऊक नसताना ते कसे शोधावे, हा आजचा खरा प्रश्न.

शोधायचे मूळ क्ष + य·इ आहे असे धरा. त्याचा वर्ग केला की सत् भाग क्ष² − य² आणि असत् भाग २·क्ष·य येतो. आपल्याला ३ + ४इ हवे आहे, म्हणून क्ष² − य² = ३ आणि २·क्ष·य = ४. म्हणजे क्ष² आणि य² या दोन राशींची वजाबाकी आपल्या हाती आहे. त्यांची बेरीजही मिळाली तर काम झाले. ती मिळते, आणि ती भूमितीतल्या काटकोन त्रिकोणावरून मिळते. ३ पावले उजवीकडे आणि ४ पावले वर गेलेल्या माणसाचे मूळ जागेपासून सरळ अंतर किती? ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, बेरीज २५, मूळ ५. हे ५ म्हणजेच क्ष² + य². पडताळा हवा असेल तर क्ष² − य² चा वर्ग आणि २·क्ष·य चा वर्ग यांची बेरीज करून पाहा. ती बरोबर क्ष² + य² च्या वर्गाइतकी येते.

बेरीज ५, वजाबाकी ३. आता दोन राशी शोधा. या रीतीला ‘लीलावती’त संक्रमण असे नाव आहे. तिथले उदाहरण असे आहे : दोन संख्यांची बेरीज १०१ आणि वजाबाकी २५, तर त्या संख्या कोणत्या? बेरजेत वजाबाकी मिळवून निम्मे करा, ६३. बेरजेतून वजाबाकी काढून निम्मे करा, ३८. दोघा मजुरांची मिळून मजुरी ९०० रुपये आणि एकाला दुसऱ्यापेक्षा १०० जास्त, तर ५०० आणि ४०० हे आपण बाजारात उभ्या उभ्या सांगतो. तेच हे गणित. आपल्या उदाहरणात ५ आणि ३ मिळून ८, निम्मे ४, म्हणून क्ष² = ४ आणि क्ष = २. ५ मधून ३ गेले २, निम्मे १, म्हणून य² = १ आणि य = १. मूळ २ + इ. गंमत पाहा : ज्या संख्येला मूळ नाही असे भास्कराचार्यांनी सांगितले, तिच्या घराण्यातले मूळ काढायला त्यांच्याच ‘लीलावती’तले संक्रमण पुरले.

एवंच रीत तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी : दोन्ही भागांचे वर्ग मिळवून त्यांचे मूळ काढा, म्हणजे लांबी मिळते. दुसरी पायरी : लांबीत सत् भाग मिळवून निम्मे करा आणि मूळ काढा, हा उत्तराचा सत् भाग. लांबीतून सत् भाग वजा करून निम्मे करा आणि मूळ काढा, हा उत्तराचा असत् भाग. तिसरी पायरी चिन्हांची, आणि घसरतात ते इथेच. दिलेल्या संख्येचा असत् भाग धन असेल तर उत्तराचे दोन्ही भाग एकाच चिन्हाचे, आणि ऋण असेल तर परस्परविरुद्ध चिन्हांचे घ्यावेत. कारण २·क्ष·य हा गुणाकार त्या असत् भागाइतका यायला हवा.

उदाहरण घेऊ. ऋण ५ + १२इ. लांबी : २५ आणि १४४ मिळून १६९, मूळ १३. १३ मध्ये ऋण ५ मिळविले ८, निम्मे ४, मूळ २. १३ मधून ऋण ५ वजा केले १८, निम्मे ९, मूळ ३. असत् भाग धन आहे, म्हणून उत्तर २ + ३इ, आणि दुसरे उत्तर ऋण २ − ३इ. नुसते ऋण ९ घेतले तरी रीत अडत नाही. लांबी ९, सत् भाग ऋण ९. बेरीज शून्य, वजाबाकी १८, निम्मे ९, मूळ ३. उत्तर ३इ किंवा ऋण ३इ.

हिशेबनीसांसाठी एक सूचना. १००० + इ या संख्येची लांबी १०००.०००५ इतकी येते. कोणी ती १००० अशीच धरली तर वजाबाकी शून्य होते आणि उत्तराचा असत् भाग नाहीसाच होतो. अशा वेळी मोठा भाग आधी काढावा, तो ३१.६२२८. मग असत् भाग १ याला त्याच्या दुपटीने भागावे, म्हणजे ०.०१५८ मिळते. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीवर भरवसा ठेवू नये, ही गोष्ट गणितात जितकी खरी तितकीच ताळेबंद तपासतानाही.

आता एक शंका कोणाही विचारी श्रोत्याच्या मनात येईल. ऋण एकाचे मूळ नव्हते म्हणून ‘इ’ आणली. उद्या ‘इ’चे मूळ लागेल, मग आणखी एक अक्षर आणाल काय? आणि त्याच्या मुळासाठी आणखी एक? तर तसे होत नाही. आपल्याच रीतीने पाहा. ‘इ’मध्ये सत् भाग शून्य, असत् भाग १, लांबी १. बेरीज १, निम्मे अर्धा. वजाबाकी १, निम्मे अर्धा. अर्ध्याचे मूळ ०.७०७१. म्हणून ‘इ’चे मूळ ०.७०७१ + ०.७०७१इ. नवे अक्षर लागले नाही. कवायतीच्या भाषेत सांगायचे तर काटकोनाचे निम्मे वळण म्हणजे ४५ अंश, आणि ४५ अंशांत उजवीकडे व वर सारखेच सरकावे लागते. कोणत्याही सदसत् संख्येचे मूळ म्हणजे लांबीचे मूळ आणि वळणाचे निम्मे. मूळ काढत गेलो तरी आपण या घराबाहेर पडत नाही. संख्यांच्या या घराचे दार येथे पुरे बंद होते, ही गणितातली फार मोठी सोय आहे.

‘इ’च्या या मुळाने एकदा मोठमोठ्यांना घाम फोडला आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी इंग्लंड-अमेरिका तार टाकली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले, आणि काही आठवड्यांतच ती तार निकामी झाली. अशा लांब तारेचे गणित विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५५ मध्येच मांडले होते. तारेचा रोध आणि तिच्यात वीज साठण्याचा गुण म्हणजे धारकता, या दोघांमुळे संकेत किती मंदावेल आणि किती मागे पडेल, हे ठरविणाऱ्या राशीत ‘इ’चे वर्गमूळ येते. वर आपण पाहिले की त्या मुळाचे दोन्ही भाग सारखे असतात. एक भाग संकेत किती क्षीण होतो ते सांगतो, दुसरा तो किती मागे पडतो ते सांगतो. शिवाय संकेत जितके जलद पाठवावे तितके दोन्ही वाढतात, कारण तिथे जलदपणाचेही वर्गमूळ असते. म्हणून घाईने पाठविलेली टिंबे आणि रेघा वाटेत एकमेकांत मिसळून जातात. १८७० साली मुंबई एडन-सुवेझमार्गे समुद्रतळाच्या तारेने लंडनला जोडली गेली, तेव्हा त्या तारेलाही हाच नियम लागू होता.

थॉमसन यांनी हे समीकरण उष्णतेच्या शास्त्रातून घेतले होते, आणि त्याचा पडताळा आपल्या अंगणात मिळतो. जमिनीचा पृष्ठभाग दिवसा तापतो, रात्री निवतो. ही उष्णतेची लाट खाली उतरते ती तारेतल्या संकेताप्रमाणेच क्षीण होत आणि मागे पडत. ‘इ’च्या मुळाचे दोन भाग समान असल्यामुळे असे निघते की ज्या खोलीवर चढउतार वरच्या मानाने ३७ टक्के उरतो, तिथे लाट ३ तास ४९ मिनिटे उशिरा पोचते. अंगण दुपारी २ वाजता सर्वांत तापत असेल तर तिथली माती जवळजवळ ६ वाजता सर्वांत तापते. ती खोली किती हे मातीच्या जातीवर अवलंबून. पण उशीर मात्र ठरलेला. चिऱ्याची जाड भिंत भर दुपारी गार लागते आणि दिवेलागणीनंतर ऊब सोडते, यामागेही ढोबळ मानाने हेच कारण आहे. वर्षाच्या ऋतुचक्राची लाट दिवसाच्या लाटेपेक्षा ३६५ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे १९ पट खोल उतरते. पावसाळ्यात पाणी मातीत मुरून उष्णता वाहून नेते, तेव्हा आपल्याकडे हा हिशेब कोरड्या दिवसांतच नीट जुळतो, हेही सांगितले पाहिजे.

तारेच्या प्रश्नाचा पुढचा उलगडा ज्याने केला तो माणूस कामगारांनी ओळखावा असा आहे. ऑलिव्हर हेविसाइड, जन्म १८५०. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तार कंपनीत तारयंत्रावर बसणारा नोकर म्हणून त्याने काम केले, १८७४ मध्ये नोकरी सोडली आणि घरी बसून एकट्याने उच्च गणिताचा अभ्यास केला. त्याने दाखविले की थॉमसन यांच्या मांडणीत दोन गोष्टी आणखी हव्यात : बदलत्या प्रवाहाला आडवे येणारी तारेची प्रवर्तकता आणि वेष्टनातून होणारी थोडी गळती. रोध र, प्रवर्तकता ल, गळती ग, धारकता ध आणि संकेताचा जलदपणा व असे धरले, तर मूळ काढायचे ते या गुणाकाराचे : (र + इ·व·ल) × (ग + इ·व·ध).

हे मूळ आपल्या तीन पायऱ्यांनी केव्हाही निघते, पण ते किचकट असते. हेविसाइडने विचारले, हा गुणाकार पूर्ण वर्ग केव्हा होईल? जेव्हा दोन्ही कंसांतले प्रमाण एकच असेल, म्हणजे र ला ल ने भागून जे येते तेच ग ला ध ने भागून येईल, तेव्हा. मग दुसरा कंस हा पहिल्याचीच काही पट ठरतो, वर्ग आपोआप तयार होतो आणि मूळ एका ओळीत निघते. त्या मुळाचा सत् भाग जलदपणावर मुळीच अवलंबून राहत नाही. अर्थ असा की जाड आवाज आणि बारीक आवाज सारखेच क्षीण होतात, सारख्याच वेगाने जातात, आणि बोललेले शब्द पलीकडे हळू पण न बिघडता ऐकू येतात. प्रत्यक्ष तारांत प्रवर्तकता फार कमी पडत असे. म्हणून ती वाढवा, असा त्याचा १८८७ मधला निष्कर्ष होता. ब्रिटिश टपालखात्याचे प्रमुख वीजतज्ज्ञ विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते : प्रवर्तकता अपायकारक. मोठ्या हुद्द्याच्या मताला वजन मिळाले. पुढे अमेरिकेत मायकेल पुपिन यांना तारेवर ठराविक अंतरावर वेटोळी बसविण्याचे पेटंट १९०० साली मिळाले आणि त्यातून त्यांना भरपूर धन लाभले. लांब पल्ल्याचे टेलिफोन त्या वेटोळ्यांमुळे चालू लागले. हेविसाइडला १८९१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, पण या शोधाचा पैसा मिळाला नाही. ज्ञान कोणाचे आणि नफा कोणाचा, हा प्रश्न कापडगिरणीपुरता नसतो हे यावरून दिसेल.

आता दोन मुळांचा मुद्दा. गणित म्हणते, दोन्ही खरी. तारेवर मात्र एकच चालते. एका मुळाने संकेत पुढे जाताना क्षीण होतो. दुसरे तशाच लांबच लांब तारेवर लावले तर तो जाईल तसतसा वाढत जातो, म्हणजे कोणी न देता बोनस वाढावा तसे! तिथे धन सत् भागाचे मूळ घ्यावे लागते. तार मर्यादित असून पलीकडच्या टोकावरून लाट परत फिरत असेल, तर मात्र दुसऱ्या मुळालाही काम मिळते. ते परतीच्या लाटेचे. आजची गणकयंत्रे वर्गमूळ मागितले की सहसा एकच मूळ देतात. कोणते, आणि ते आपल्या कामाला योग्य की नाही, हे यंत्र सांगत नाही. ते बटण दाबणाऱ्याने ठरवायचे असते.

हे सर्व आपल्या दाराशी आहे. वैभववाडी रोड स्थानकावरून जाणाऱ्या कोकण रेल्वेच्या मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पुरे झाले. त्या तारेतला प्रवाह २५,००० व्होल्टचा आणि सेकंदाला ५० फेऱ्यांचा. अशा उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाचा हिशेब सदसत् संख्यांनी मांडण्याची पद्धत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये इंजिनिअरांपुढे ठेवली. हे गृहस्थ समाजवादी विचारांमुळे जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले होते. आखूड वाहिनीला या संख्यांची बेरीज आणि भागाकार पुरतो. चंद्रपूरची वीज पश्चिमेकडे आणणाऱ्या शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांचा हिशेब नेमका करायचा तर तिथे हे वर्गमूळ येतेच. आणि वाहिनीवर बिघाड झाला की तो किती दूर आहे ते सांगणारे उपकरण दाबाला प्रवाहाने भागते, तेही सदसत् संख्यांतच. भर पावसात घाटातल्या मनोऱ्यांकडे जाणाऱ्या माणसाचे पाय कुठे वळवायचे हे तो भागाकार ठरवितो. त्या माणसाला तो आकडा कुठून आला हे कळायला नको काय? जो आकडा आपल्याला कामाला पाठवितो तो तपासता येणे, हा माझ्या मते कामगाराच्या हक्काचाच भाग आहे.

म्हणून घरी जाऊन एक उदाहरण अवश्य करावे : ऋण ७ − २४इ याचे वर्गमूळ. लांबी २५ येईल, पुढे संक्रमण करावे, चिन्हांकडे लक्ष द्यावे. आलेले उत्तर बरोबर की चूक हे विचारायला कोणाकडे जाण्याची गरज नाही. त्याचा वर्ग करून पाहावा. मूळ संख्या परत आली की उत्तर बरोबर.